डब्याच्या तळातली मूठ

वहिनी, तांदळाचा डबा काल मी माळ्यावरून खाली काढला. तुमच्या माहेरचा, पितळेचा, कडी लावायचा. आत काही नव्हतं. झाकण निघताना पोकळ भांड्याचा आवाज झाला, तो ऐकून पलंगावरून दादानं विचारलं, "कोण आलं रे?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

तुमच्या जाण्याला महिना होत आला. लोकांचं येणं थांबलं आहे. भोईवाड्यातल्या आपल्या या दोन खोल्यांत आता दोन म्हातारे पुरुष राहतात आणि त्यांपैकी एकाला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही असताना मी बोलत होतोच, फार बोलत होतो. तुम्हांला समजावत होतो. समजावणं आणि बोलणं यांतला फरक मला आता कळू लागला आहे.

तो डबा मी रिकामा केला, तो दिवस तुम्हांला आठवत असेल. रविवार होता. ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्यानं वजन उतरवलं होतं, साखर उतरवली होती, आणि तो रोज कॅंटीनमध्ये सांगत असे की माणसाचा सारा आजार धान्यापासून सुरू झाला. शेती नव्हती तेव्हाचा माणूस जे खात होता तेच खायचं: मासे, मटण, अंडी, भाज्या, नारळ, फळं. भात नाही, पोळी नाही, डाळ नाही, उसळ नाही, दूध नाही, साखर नाही. या पद्धतीला पॅलिओ म्हणतात. दादाची गिरणी जिथं होती तिथंच आमच्या ऑफिसची काचेची इमारत आहे, आणि त्या इमारतीत ऐकलेली गोष्ट मला फार शहाणी वाटत असे, हेही इथं सांगायला हवं.

तुमच्या पायाच्या अंगठ्याची जखम तीन महिने भरत नव्हती. खालच्या मजल्यावरच्या राणेकाकांचा पाय साखरेनं गेला तो आपण पाहिला होता. मला रात्रंदिवस तुमचा पाय दिसायचा. म्हणून मी ठरवलं की घरातल्या तिघांनी हे करायचं. एकट्या वहिनींना पथ्यावर ठेवायचं नाही. मला ते फार न्याय्य वाटलं होतं.

"म्हणजे भात बंद?" दादानं विचारलं.

"बंद."

"मग आता वल्कलं पण नेसायची काय? अगो, ऐकलंस? आपला सुधाकर आपल्याला गुहेत न्यायला निघालाय."

तुम्ही हसलात. मग माझ्या हातातल्या कागदावरून नजर फिरवून म्हणालात, "भावजी, हे सगळं तोंडी लावणं झालं. जेवण कुठाय?"

मी समजावलं. माशात जेवण आहे, अंड्यात जेवण आहे. तुम्ही मान डोलावलीत आणि एवढंच विचारलंत, "त्या गुहेतल्या बायका कधी जेवायच्या हो? आधी की शेवटी?"

दादा मोठ्यानं हसला. मीही हसलो. त्या प्रश्नाला उत्तर असतं हे माझ्या मनातही आलं नाही.

डब्यातले तांदूळ मी पिशवीत भरले आणि शेजारच्या नलूताईंना देऊन टाकले. परत आलो तर तुम्ही डब्यात हात घालून काहीतरी ठेवत होतात. नलूताईंकडून मूठभर तांदूळ मागून आणले होते.

"आमच्याकडे आता तांदूळ संपले म्हणून सांगितलंत ना त्यांना? असं म्हणू नये. वाढले म्हणावं. आणि डबा कधी कोरडा करू नये. तळाला मूठ असू द्यावी."

ती मूठ मला ठाऊक होती, वहिनी. संप सुरू व्हायच्या आधीच्या मे महिन्यात तुम्ही लग्न होऊन आलात. दादाच्या हातात पगार जेमतेम सात-आठ वेळा आला असेल, आणि मग गिरणीचा भोंगा बंद झाला. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. सकाळी उठल्यावर भोंगा ऐकू येत नसे, आणि त्या शांततेत पहिला आवाज यायचा तो या डब्याच्या कडीचा. तुमच्या वडिलांनी गावाहून धाडलेला उकडा तांदूळ त्यात असायचा. तुम्ही पेज करायचात. दादाला आणि मला खालचा घट्ट भात, तुम्हांला वरचं पाणी. आम्ही विचारायचो, "तुमचं?" तुम्ही म्हणायचात, "माझं झालं." त्या दिवसांत अख्ख्या चाळीतल्या बायकांचं नेहमीच झालेलं असायचं. घरोघर पुरुष दारात बसून गिरणी कधी उघडेल ते बोलत, आणि आत कुणीतरी रिकामी पेजेची वाटी धुऊन पालथी घालत असे.

आणि एवढं सगळं होऊनही तळातल्या त्या मुठीला तुम्ही हात लावला नाहीत. एकदा तर दोन दिवस चूल पेटली नव्हती. मी डबा उघडला, तळाशी तांदूळ दिसले, आणि मी चिडून विचारलं, हे कुणासाठी राखलेत? तुम्ही झाकण लावलंत. "ते खायचे नसतात. ते असायचे असतात."

त्या रविवारी ती मूठ मी बाहेर काढली. गॅलरीत कबुतरांपुढे टाकली. डबा ओल्या फडक्यानं पुसून माळ्यावर सारला. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात. पदर डोक्यावर ओढून घेतलात, जसा दिवेलागणीला घ्यायचात. भर दुपार होती.

मग आपला नवा संसार सुरू झाला. स्वयंपाक सोपा आहे, हे मी सारखं सांगायचो, आणि खरंच सोपा होता. रविवारी पहाटे मी वरळी कोळीवाड्यातून बांगडे आणायचो. हळद, मीठ, कोकमाचं आगळ आणि ठेचलेली तिरफळं लावून, केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर ठेवायचे. रव्याचं, तांदळाच्या पिठाचं नाव नाही. सुकट कांद्यावर परतायची. फ्लॉवर किसून खोबरेल तेलात जिऱ्यावर वाफवला की तो भातासारखा दिसतो, असं मी वाचलं होतं. तुम्ही तो केलात. दादानं एक घास घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

"दिसतो भातासारखा," तो म्हणाला. "पण भात काय दिसण्यासाठी खातात?"

"वाटाण्यानं तरी काय केलं भावजी?" तुम्ही विचारलंत. "वाटाणासुद्धा नाही?"

"वाटाणासुद्धा नाही."

माणशी दोन बांगडे, हा माझा नियम. पोट त्यानंच भरायचं होतं. माझ्या ऑफिसच्या डब्यात रोज दोन अख्खे बांगडे आणि दोन उकडलेली अंडी असायची. मी तो डबा कॅंटीनमध्ये उघडायचो तेव्हा लोक वाकून बघायचे. "आमच्या वहिनींच्या हातचं," मी अभिमानानं सांगायचो.

तुमची साखर उतरू लागली. बोटाला सुई टोचून मापायचं यंत्र मी आणलं होतं. आकडा दर आठवड्याला खाली येत होता, आणि मी दर आठवड्याला जास्त आनंदी होत होतो. अंगठ्याची जखम सुकली. तुम्ही बारीक झालात. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "वहिनी, नवरी दिसायला लागलात." याच सुमारास तुम्हांला दुपारी घाम येऊ लागला. नारळ खवताना हात थरथरायचा. एकदा चहाची कपबशी हातातून सुटली. मी वाचलं होतं की शरीर जुन्या सवयी सोडताना सुरुवातीला असं होतं. मी तुम्हांला ते वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "असेल. तुम्ही शिकलेले."

नाक्यावरच्या डॉक्टरांनी पूर्वीच बजावलं होतं: खाण्यात काही बदल केलात तर आधी दाखवून जा, गोळ्या तशाच चालू ठेवू नका. मी गेलो नाही. तीन महिन्यांची तपासणी करून, उत्तम अहवाल हातात घेऊन एकदमच जावं, त्यांना चकित करावं, असं माझ्या मनात होतं. तुमच्या गोळ्या मीच रोज सकाळी काढून द्यायचो. पूर्वीइतक्याच.

आता ती दुपार.

ऑफिस लवकर सुटलं म्हणून मी अर्ध्या दिवसानं घरी आलो. दाराला कडी होती, दादा दवाखान्यात डोळे दाखवायला गेला होता. नलूताईंचं दार लोटलेलं दिसलं. ढकललं, तर दाराआड पाटावर तुम्ही बसलेल्या. हातात पेजेची वाटी, पुढ्यात बशीत आंब्याचं लोणचं. मला पाहताच तुम्ही वाटी पदराखाली घेतलीत. साठीला आलेली बाई, वहिनी, आणि चोरून चिंच खाताना सापडलेल्या मुलीसारखी.

"वाटीभर पेज आहे," नलूताई कडाडल्या. "विष नाय पाजत मी त्यांना. रोज दुपारी येतात बिचाऱ्या. तुमच्या घरात खायला काय असतं त्यांना?"

"भरपूर असतं," मी म्हटलं.

"असतं. पण जातं कुणाच्या पोटात?"

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. नलूताईंना फटकळ बोलायची सवय आहे, असं आपण सगळेच म्हणत आलो होतो.

घरी आल्यावर मी रागावलो नाही. मला रागावता येत नाही. आवाज चढवणारा माणूस मी कधीच नव्हतो, आणि त्याचा मला आयुष्यभर थोडा अभिमान वाटत आला. पण दादा ओरडायचा तेव्हा तुम्ही सरळ हसून आपल्याला हवं ते करायचात. माझ्या हळू आवाजापुढे तुमचं काही चालत नसे. लग्नाचा विषय एवढाच काय तो अपवाद. "भावजी, अजून वेळ गेलेली नाही, देवगडची एक आहे," असं तुम्ही मी पन्नाशी ओलांडल्यावरही म्हणायचात, आणि त्या वादात मी तुम्हांला कधी हरवू शकलो नाही. या वादात हरवलं.

मी तुमचा हात हातात घेतला. राणेकाकांच्या पायाची आठवण दिली. संपाच्या दिवसांत तुम्ही माझं शिक्षण सुटू दिलं नाहीत, आता मी तुम्हांला कसा सोडू, असंही म्हणालो. आणि मग तो हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"भात, पेज, साखर, काही शिवायचं नाही. माझी शपथ आहे."

तुमचा हात माझ्या डोक्यावर ताठ झालेला मला जाणवला. "शपथ कशाला भावजी? नुसतं सांगा. शपथ नको."

"घातली."

तुमच्या गावी शपथेला काय मानतात ते मला ठाऊक होतं. शपथ मोडणाऱ्याला काही होत नाही. ज्याच्या नावानं घातली त्या माणसाला ती बाधते. मी यावर विश्वास ठेवत नाही. तुम्ही ठेवता, एवढंच मला पुरेसं होतं.

त्यानंतर तुम्ही नलूताईंकडे गेला नाहीत. चार-आठ दिवसांनी माझा डबा भरताना पाठमोऱ्याच म्हणालात, "भावजी, ती शपथ सुटली म्हणा ना." लहानपणी आपण सगळेच म्हणतो तसं, सहज, थट्टेत. ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, हे कुठल्याही पोराला माहीत असतं.

"नाही म्हणणार," मीही थट्टेतच उत्तरलो.

"बरं," तुम्ही म्हणालात. डब्याचं झाकण लावून माझ्या हातात दिलंत. डबा चांगला जड होता.

पुढचं मी नलूताईंकडून ऐकलं. सकाळची अकराची वेळ, दादा खाली पेपर वाचत होता. आत भांडं पडल्याचा आवाज आला. त्या धावत आल्या तेव्हा तुम्ही ओट्याला टेकून खाली बसल्या होतात, अंग घामानं थंड, डोळे उघडे पण ओळख नाही. नलूताईंच्या सासूबाईंनाही साखर होती, म्हणून साखर एकदम खाली गेल्याचं नलूताईंना कळलं. त्यांनी साखरेचं पाणी केलं आणि वाटी तुमच्या तोंडाशी लावली. तुम्ही ओठ घट्ट मिटून घेतलेत. चमचा दातांवर वाजत राहिला.

तुम्ही शुद्धीत होतात की नव्हतात, ते कुणी सांगू शकत नाही. मी इस्पितळातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा अवस्थेत पेशंट जबडा आवळतो, त्यात त्याचा काही हेतू नसतो. मी त्यांचे आभार मानले. हा दिलासा मी रोज सकाळी उचलून बघतो आणि दुपारपर्यंत तो हातात राहत नाही.

पण त्यांचा दुसरा एक प्रश्न होता. तुम्हांला आत नेल्यावर ते बाहेर आले, दादाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "यांनी शेवटचं काय खाल्लं होतं? कधी?"

मी सांगू लागलो. सकाळी अंडी. आदल्या रात्री बांगडे, माणशी दोन. दुधीची भाजी.

"ते घरात झालेलं. यांनी काय खाल्लं?"

मी दादाकडे पाहिलं. दादानं माझ्याकडे. छत्तीस-सदतीस वर्षं एका घरात काढलेली आम्ही माणसं, आणि तुम्हांला जेवताना आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. आम्ही जेवून उठायचो, हात धुवायचो, बाहेर येऊन बसायचो. आतून भांड्यांचा आवाज यायचा. तोच तुमच्या जेवणाचा आवाज, असं आम्ही धरून चाललो होतो.

"ती म्हणायची, माझं झालं," दादा शेवटी म्हणाला. त्याचा आवाज शाळेत उत्तर न आलेल्या मुलासारखा झाला होता.

तुम्ही परत आला नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयही अशक्त होतं, नेमकं एकच कारण सांगता येत नाही. नातेवाइकांना आम्ही हृदयाचं सांगितलं.

गेला महिनाभर स्वयंपाक मी करतो. दादाला आधी वाढतो, कारण तो मोठा आहे आणि त्याला भूक धरवत नाही. तेरावं झाल्यावर पहिल्यांदा मासे आणले, चार बांगडे. दादाला दोन दिले. तेवढ्यात तुमच्या माहेरचे दोघे भाऊ आले, त्यांना एकेक वाढला. मग मी आत बसलो आणि पातेलं पुढे ओढलं. सार उरलं होतं. तळाशी एक तिरफळ.

मी ते पातेलं बराच वेळ पाहत बसलो, आणि सगळं उलगडत गेलं. तुम्ही सदैव डोकं, शेपटी आणि सार घ्यायचात, आणि त्याखाली भात असायचा. मधल्या तुकड्या आमच्या. हा वाटा कुणी ठरवला नव्हता, म्हणून तो मोडावा असंही कुणाला सुचलं नाही. भात होता तोवर या वाट्यावर बाई जगू शकत होती. मी येऊन तेवढा भातच काढून घेतला आणि वाटा तसाच ठेवला. तुमच्या नावचे दोन बांगडे दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात पडत होते. तुमचं ताट मी रोज ऑफिसात नेत होतो, वहिनी, आणि लोकांना दाखवून जेवत होतो.

संपात निदान पेजेचं पाणी तरी होतं.

तुम्ही का बोलला नाहीत, यावर मी पुष्कळ भांडलो आहे तुमच्याशी या महिन्यात. एक वाक्य पुरे होतं. पण मग मला आठवतं की तुम्ही बोलला होतात. जेवण कुठाय, हे विचारलं होतंत. गुहेतल्या बायका कधी जेवायच्या, हे विचारलं होतंत. सुटली म्हणा, असं म्हणाला होतात. तुम्ही बोलत होतात आणि मी समजावत होतो.

तेराव्याला तुमच्या नावानं पान मांडलं तेव्हा त्यावर भटजींनी भाताची मूद ठेवायला सांगितली. मी वाढताना हात थांबला. दादा मागून म्हणाला, "वाढ रे." मी वाढली. पण त्या दिवशी माणसं होती, मंत्र होते, मला जे म्हणायचं होतं ते राहून गेलं, आणि ते पान तसंच उचललं गेलं. तुम्ही शब्दाला किती पक्क्या आहात ते मी जाणतो. त्या भाताला तुम्ही शिवला नसणार.

म्हणून काल डबा काढला. आज सकाळी तुमचा धाकटा भाऊ गावाहून उकड्या तांदळाची पिशवी देऊन गेला. आधी एक मूठ तळाला टाकली. ती कुणासाठी, असं या वेळी विचारलं नाही. मग त्यावर बाकीचे ओतले. दोन वाट्या बाजूला काढून भात लावला. वाफ घरभर गेली तसा दादा उठून बसला. त्याला वाढलं. तो जेवला. हात धुऊन बाहेर जायला निघाला, आणि दारातून परत फिरून आत माझ्यासमोर पाटावर येऊन बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय. तू जेव. मी बसतो."

मी दोन ताटं घेतली. तुमच्या ताटात भात वाढला, वर बांगड्याची मधली तुकडी, बाजूला लोणचं. पाण्याचा तांब्या भरून ठेवला. मग उजवा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला, जिथं तुमचा ठेवला होता तिथंच, आणि दादाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

सुटली, वहिनी. शपथ सुटली. जेवा.